पांढऱ्या झग्याची राणी : मारी तालिओनी

मंडळाचा वर्धापनदिन जवळ आला, की मुलींच्या नाचाच्या तालमी सुरू होतात आणि त्यांच्याबरोबर वेषाची चर्चाही. परकर कोणाकडून आणायचे, ओढण्या किती लागतील, गजरे कोण करणार, या धांदलीत दोन-तीन आठवडे कसे जातात ते कळत नाही. रंगभूमीवर वेषाचे महत्त्व किती, हे आपणां भगिनींना वेगळे सांगायला नको. एका वेषामुळे जिचे नाव साऱ्या युरोपात झाले, आणि त्याच वेषाने उतारवयात जिला मोठे दुःख दाखवले, अशा एका नर्तकीची ही हकीकत आहे. तिचे नाव मारी तालिओनी.

मारीचा जन्म २३ एप्रिल १८०४ रोजी स्वीडनमधील स्टॉकहोम येथे झाला. वडील फिलिप्पो तालिओनी हे इटालियन नर्तक व नृत्यशिक्षक. आई स्वीडनमधील एका नामवंत गायकाची मुलगी. घरात कला होती, पण मारी मात्र दिसायला साधी, अंगाने किरकोळ, पाठीत किंचित वाकलेली आणि हात जरा जास्तच लांब. ही मुलगी नर्तकी होईल असे कोणाला वाटले नसते. पॅरिसमध्ये तिचे काही शिक्षण झाल्यावर वडिलांनी तिला व्हिएन्नाला बोलावून घेतले आणि सहा महिने स्वतः शिकवले. रोज सहा तास मेहनत असे. सकाळी दोन तास पायांचा व्यायाम, दुपारी दोन तास शरीराचा तोल आणि ठेवण, आणि संध्याकाळी दोन तास उड्या. उडी संपल्यावर पाय जमिनीला टेकताना आवाज होता कामा नये, असा बापाचा कटाक्ष. हात लांब दिसू नयेत म्हणून ते हलकेच दुमडून धरण्याची जी सवय तिला लागली, तीच पुढे तिची शोभा ठरली. १८२२ साली व्हिएन्नात ती प्रथम रंगभूमीवर आली आणि १८२७ साली पॅरिसच्या ऑपेरात.

येथे त्या काळच्या वेषाविषयी थोडे सांगायला हवे. बॅले म्हणजे गाणे व संभाषण यांवाचून, केवळ नृत्य आणि अभिनय यांतून सांगितलेली कथा. ही कला राजदरबारात वाढली, त्यामुळे पूर्वी नर्तकींचा वेषही दरबारी असे. आत सांगाडा घालून फुगवलेले घोळदार झगे, डोक्यावर टोप, टाचांचे जोडे आणि कित्येकदा चेहऱ्यावर मुखवटासुद्धा! अशा ओझ्याखाली उडी ती काय मारणार? अठराव्या शतकात मारी कामार्गो नावाच्या नर्तकीने पाऊल दिसावे म्हणून झगा थोडासा आखूड केला, तर त्यावरही गहजब झाला. मारी साले हिने १७३४ साली लंडनमध्ये साधा मलमलीचा झगा घालून, केस मोकळे सोडून नृत्य केले. वाट अशी हळूहळू मोकळी होत होती.

१२ मार्च १८३२ रोजी पॅरिसमध्ये ‘ला सिल्फीद’ हा बॅले झाला. तो फिलिप्पोंनी आपल्या मुलीसाठीच बसवला होता. एका स्कॉटिश तरुणाच्या प्रेमात पडलेल्या वनपरीची ही कथा. तिला जवळ ठेवण्यासाठी तो तरुण चेटकिणीकडून एक ओढणी आणतो आणि परीच्या अंगावर घालतो. त्याबरोबर तिचे पंख गळून पडतात आणि ती मरते. या परीचा वेष यूजेन लामी या चित्रकाराने योजला होता असे मानतात. अंगाला घट्ट बसणारी चोळी, उघडे खांदे, पोटरीपर्यंत येणारा आणि घंटेसारखा पसरलेला अनेक थरांचा पांढरा झगा, पाठीवर चिमुकले पंख आणि केसांत फुले. जरतार नाही, सांगाडा नाही, टाचांचे जोडे नाहीत. ढाक्याच्या मलमलीने ज्या तलम कापडाची गोडी युरोपला लावली होती, तसेच कापड आता तिकडच्या गिरण्यांतून निघू लागले होते. गॅसच्या मंद दिव्यांत ते धुक्यासारखे दिसे. मारी बोटांच्या टोकांवर उभी राहून पुढे सरकली, की ती चालत नसून तरंगते आहे असा प्रेक्षकांना भास होई.

पण हा हलकेपणा किती कष्टाचा होता! आजच्या नर्तकींच्या जोड्यांना पुढे कठीण टोक असते, तसे तेव्हा नव्हते. मऊ साटिनचे जोडे. त्यांना चवड्याशी आणि कडेने दाट रफू करून जो काय आधार मिळेल तेवढाच. बाकी सारा भार पायाच्या बोटांवर. तिचे जे जोडे संग्रहालयांत जपून ठेवले आहेत, त्यांवर हे रफूचे टाके आजही दिसतात. प्रेक्षकांना दिसली ती परी. टाके कोणाला दिसले नाहीत.

या वेषाने युरोपातील बॅलेची रीतच बदलली. पांढरा झगा हा नर्तकीचा जणू गणवेष झाला. स्त्रिया तिच्यासारखा भांग पाडू लागल्या, पुरुषांच्या एका कोटाला तिचे नाव पडले, लंडन-विंडसर मार्गावरील एका घोडागाडीलाही ‘तालिओनी’ म्हणू लागले. १८३७ ते १८४२ ही वर्षे तिने रशियात गाजवली. तिथल्या चाहत्यांनी तिचे जोडे विकत घेऊन, शिजवून खाल्ले, अशीही एक कथा सांगतात! संसारात मात्र तिला सुख लाभले नाही. १८३२ साली एका फ्रेंच सरदाराशी तिने लग्न केले, पण थोड्याच वर्षांत दोघे विभक्त झाले. १८४५ साली लंडनमध्ये त्या काळच्या आणखी तीन श्रेष्ठ नर्तकींबरोबर तिने नृत्य केले, आणि १८४७ साली रंगभूमीचा निरोप घेऊन ती इटलीत कोमो सरोवराच्या काठी राहायला गेली.

कथा येथेच संपती तर बरे झाले असते. १८५८ साली एमा लिव्री नावाची सोळा वर्षांची मुलगी पॅरिसमध्ये ‘ला सिल्फीद’ करीत आहे, असे मारीच्या कानावर आले. ती मुद्दाम पाहायला गेली. पाहते तो काय, जणू आपलेच तरुणपण पुढे उभे! मारी पॅरिसलाच राहिली. ऑपेरातील मुलींना शिकवू लागली, त्यांच्यासाठी परीक्षांची पद्धत घालून दिली आणि एमावर पोटच्या मुलीसारखी माया केली. १८६० साली तिने एमासाठी ‘फुलपाखरू’ नावाचा बॅले बसवला. संगीत ऑफेनबाखचे होते. मारीने रचलेला हा एकच बॅले. त्यात फुलपाखरू झालेली नायिका मशालीच्या ज्योतीकडे ओढली जाते आणि तिचे पंख होरपळतात.

त्या काळी रंगमंचावर उघड्या ज्योतींचे गॅसचे दिवे असत. थरावर थर असलेले तलम कापड आणि उघडी ज्योत, याचा परिणाम काय होतो हे लोकांना ठाऊक नव्हते असे नाही. १८४४ साली लंडनमध्ये क्लारा वेब्स्टर ही तरुण नर्तकी अशीच भाजून मेली होती. फ्रान्सच्या सरकारने १८५९ साली हुकूम काढला, की रंगभूमीवरील पडदे व कपडे तुरटीसारख्या क्षारांच्या पाण्यात बुडवूनच वापरावेत, म्हणजे ते सहज पेट घेणार नाहीत. पण त्या पाण्याने झगा ताठ होई, त्याची शुभ्रता जाई. मग तो तरंगणार कसा? एमाने असे झगे घालण्याचे नाकारले आणि जे होईल त्याची जबाबदारी माझी, असे लिहूनही दिले.

१५ नोव्हेंबर १८६२ रोजी एका ऑपेराच्या तालमीत झगा सावरताना तिच्या घोळाला ज्योत लागली. घाबरून ती रंगमंचावर धावली आणि वाऱ्याने आग भडकली. एका बंबवाल्याने ब्लँकेटात गुंडाळून ती विझवली खरी, पण तोवर फार उशीर झाला होता. आठ महिने यातना भोगून २६ जुलै १८६३ रोजी एमा गेली. अवघी विशीची पोर! त्या झग्याचे जळके अवशेष पॅरिसच्या ऑपेराच्या संग्रहालयात ठेवले आहेत. जो वेष मारीने जगाला दिला, त्यानेच तिची लाडकी शिष्या नेली.

मारीचे पुढचे दिवस ओढगस्तीचे गेले. साठवलेला पैसा संपला. १८७० च्या युद्धानंतर ती लंडनला गेली आणि तिथल्या मोठ्या घरांतील मुलींना नाच व चालण्या-वागण्याची रीत शिकवून पोट भरू लागली. त्या मुलींत पुढे इंग्लंडची राणी झालेली मेरी होती. ही राणी १९११ साली पतीसह मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरली आणि त्या प्रसंगाची खूण म्हणून आपले गेटवे ऑफ इंडिया उभे राहिले. तिथे उतरलेल्या राणीची डौलदार चाल या म्हातारीच्या तालमीतही घडली होती, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक असेल? २२ एप्रिल १८८४ रोजी, ऐंशीव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, मार्सेय येथे मारीचा अंत झाला. पॅरिसमध्ये मोंमार्त्रच्या स्मशानभूमीत तिच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका थडग्यावर नर्तकी आपले झिजलेले जोडे वाहतात.

भगिनींनो, एमाच्या हट्टाला नावे ठेवणे सोपे आहे. पण चुलीपुढे, स्टोपुढे पदर पेटल्याच्या बातम्या आपण काय कमी वाचल्या आहेत? नायलॉनची साडी खुलून दिसते म्हणून ती नेसून स्वयंपाक करणाऱ्या आपणही त्याच जातीच्या. सुंदर दिसण्याची हौस वाईट नव्हे. मारीने त्या हौसेतूनच एक कला घडवली. पण सौंदर्यासाठी कष्ट करावेत, रफूचे टाके घालावेत, घाम गाळावा. जीव मात्र पणाला लावू नये. म्हणून आपल्या मुली पणत्यांचा नाच करतील, तेव्हा त्यांच्या ओढण्या नीट टाचलेल्या असोत, आणि विंगेत पाण्याची बादली व जाड घोंगडी घेऊन आपल्यापैकी दोघी जणी उभ्या असोत. नाच पाहणाऱ्यांना त्या दिसणार नाहीत. मारीच्या जोड्यांवरचे टाके तरी कोणाला दिसले होते?