ग्रंथालयातून बाजाराकडे

परवा मीरा रोडच्या नया नगरातील एक तरुण आमच्याकडे आला. कर्ज काढून दुकान टाकायचे त्याच्या मनात होते. माल कुठून स्वस्त मिळतो, भाव कशाने चढतात, त्या रस्त्यावर तोच धंदा आधीच किती जण करतात, असे आम्ही विचारले. त्याच्याकडे उत्तर नव्हते. हे कॉलेजच्या ग्रंथालयात बसून थोडे अभ्यासलेस का, असे विचारले तेव्हा तो हसला. ग्रंथालय परीक्षेपुरते, अशीच त्याची समजूत! त्याला सांगितलेली हकीकत आम्ही समाजबांधवांपुढे ठेवत आहोत.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणून वंदन करतो. पण व्यापार, चलन आणि कर यांचे ते केवढे अभ्यासक होते, हे आपण विसरतो. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. गावच्या पाणवठ्यावर ज्याच्या समाजाला बंदी होती, त्याच्यासाठी तेथे ग्रंथालयाचे दार उघडे होते. त्यांनी त्याचे सोने केले. १९१५ साली ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था यांवर त्यांनी एम. ए. चा प्रबंध लिहिला. एका व्यापारी कंपनीने हा देश कसा पिळला, हे त्यांनी जमाखर्चातून तपासले. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी सुमारे २००० जुनी पुस्तके जमवली.

१९१६ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. पण शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ साली परतावे लागले. महायुद्ध चालू होते. त्यांचे ग्रंथ आणणारे जहाज बुडाले. बडोद्यात नोकरी होती, पण महाराला राहायला जागा कोणी देईना. मुंबईत येऊन त्यांनी शेअर बाजारातील व्यवहारांबाबत सल्ला देणारी कचेरी काढली. गिऱ्हाइके येऊ लागली. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच ती फिरकेनाशी झाली आणि कचेरी बंद पडली.

येथे एखादा म्हणेल, मग त्या अभ्यासाचा उपयोग काय? वाचनाने जात जात नाही, हे खरेच आहे. पण जातीने कचेरी बंद केली. डोक्यातली विद्या तिला काढून घेता आली नाही. १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगारातून पै पै साठवून, शाहू महाराजांच्या साहाय्याने आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेऊन १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात सकाळी शिरावे, बंद होईपर्यंत उठू नये, दुपारचे जेवण टाळावे, असा त्यांचा क्रम होता. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. रुपया घसरला की मालकाचा नफा वाढतो. महागाई चढते, मजुरी मात्र मागे राहते, हे त्यांनी आकडेवारीनिशी दाखवले. १९२५ साली भारतीय चलनाच्या चौकशीसाठी रॉयल कमिशन नेमले गेले, तेव्हा त्यांची साक्ष झाली. ज्याचा सल्ला गिऱ्हाइकांनी जातीमुळे नाकारला, त्याचे म्हणणे साम्राज्याच्या कमिशनला ऐकून घ्यावे लागले!

१९४६ साली सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले आणि १९५३ साली वाणिज्य शाखेचे स्वतंत्र कॉलेज निघाले. आपल्या मुलांनी बाजारही शिकावा, ही त्यामागची दृष्टी होती.

आज जनगणनेचे अहवाल, जिल्ह्याचे गॅझेटियर, रिझर्व्ह बँकेची प्रकाशने विद्यापीठांच्या ग्रंथालयांत आहेत. ज्यांच्याकडे पिढीजात पेढी आहे, त्यांना बाजाराची माहिती घरातच मिळते. आपल्याला ती वारशाने मिळालेली नाही. ती ग्रंथालयातूनच आणावी लागेल. आमच्याकडे आलेल्या तरुणाला आम्ही एवढेच सांगितले, की कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी आठ दिवस तेथे बसून ये.