विश्लेषण : अमेरिकेत झेंडा जाळणं गुन्हा का नाही? तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ब्रेनन कोण होते?

राष्ट्रध्वज जाळणाऱ्यांवर खटले भरण्यासंबंधीच्या आदेशावर अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये सही केली. ही बातमी वाचून पहिला प्रश्न पडतो तो असा, की अमेरिकेत हा आधीपासूनच गुन्हा नव्हता का?

नव्हता. घरांवर, दुकानांवर, टोप्यांवर, टी-शर्टांवर झेंडा मिरवणाऱ्या त्या देशात निषेध म्हणून स्वत:चा झेंडा जाळणाऱ्याला केवळ तेवढ्यासाठी शिक्षा करता येत नाही. ट्रम्प यांच्या आदेशालाही हे बंधन ओलांडता आलेलं नाही. म्हणूनच उघड्यावर आग लावणं, मालमत्तेचं नुकसान करणं अशा इतर कायद्यांचा आधार घ्या, असं त्यात सांगितलं आहे.

हे बंधन घातलं सर्वोच्च न्यायालयातल्या नऊपैकी पाच न्यायमूर्तींनी, २१ जून १९८९ रोजी. निकाल लिहिला होता विल्यम ब्रेनन यांनी. त्या वेळी ते ८३ वर्षांचे होते.

कोळसा ओढणाऱ्याचा मुलगा

ब्रेनन यांचा जन्म २५ एप्रिल १९०६ चा, न्यू जर्सी राज्यातल्या नेवार्क शहरातला. आठ भावंडांत ते दुसरे. आई-वडील दोघेही आयर्लंडहून आलेले. वडील बिअरच्या कारखान्यात बॉयलरमध्ये कोळसा टाकण्याचं काम करायचे. पुढे ते कामगार संघटनेचे नेते झाले. १९१६ मध्ये ट्राम कामगारांच्या संपात पोलिसांनी त्यांना मारहाण केली आणि रक्तबंबाळ अवस्थेत त्यांना घरी आणलं गेलं. विल्यम तेव्हा दहा वर्षांचे होते.

पुढच्याच वर्षी गंमत झाली. वडील शहराच्या कारभारी मंडळावर निवडून आले आणि नेवार्कचं पोलीस खातं त्यांच्याच हाताखाली आलं! निषेध करणाऱ्याच्या पाठीत बसणारी काठी आणि ती काठी ज्याच्या हुकमावर चालते तो अधिकारी, असं दोन्ही या मुलाने एकाच घरात पाहिलं. त्याचे पुढचे निकाल वाचताना हे विसरता येत नाही.

व्हार्टनमधून अर्थशास्त्र, मग हार्वर्डमधून कायदा. वकिली मात्र कामगारांची नाही, कंपन्यांची केली. संघटनांशी वाटाघाटी करताना व्यवस्थापनाची बाजू मांडणारे वकील म्हणून त्यांचं नाव झालं. दुसऱ्या महायुद्धात लष्करात कर्नलच्या हुद्द्यापर्यंत गेले. १९४९ मध्ये न्यायाधीश झाले आणि पुढे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचले.

१९५६ मध्ये अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी त्यांना थेट देशाच्या सर्वोच्च न्यायालयात नेमलं. आयसेनहॉवर रिपब्लिकन, ब्रेनन डेमोक्रॅट. पण निवडणूक तोंडावर होती आणि ईशान्येकडचा कॅथलिक न्यायाधीश नेमणं राजकीयदृष्ट्या सोयीचं होतं. सिनेटमध्ये त्यांच्या नावाला उघड विरोध करणारा एकच आवाज होता, जोसेफ मॅकार्थी यांचा. कम्युनिस्ट शोधण्याच्या नावाखाली ज्यांनी अमेरिकेत दहशत बसवली, तेच हे मॅकार्थी. अशा चौकशांवर ब्रेनन यांनी आधी भाषणांतून टीका केली होती.

पाच बोटांचं गणित

ब्रेनन ३४ वर्षं त्या न्यायालयात होते. हाताखाली नव्याने आलेल्या तरुण वकिलांना ते हाताची पाच बोटं पसरून दाखवायचे. अर्थ साधा होता : नऊ जणांच्या न्यायालयात पाच मतं जमली तर काहीही करता येतं. सहकाऱ्यांच्या खोलीत जाऊन, दंडाला धरून, निकालाच्या मसुद्यात एखादा परिच्छेद सौम्य करून ही मतं जमवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

त्यांचा सर्वांत गाजलेला निकाल १९६४ चा, न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सुलिव्हन. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या समर्थनार्थ छापलेल्या जाहिरातीत काही किरकोळ चुका होत्या आणि त्यावरून अलाबामातल्या एका अधिकाऱ्याला पाच लाख डॉलरची भरपाई मंजूर झाली होती. ब्रेनन यांनी ती रद्द केली. सरकारी पदावरच्या माणसाला त्याच्या कामाबद्दलच्या मजकुरावरून भरपाई हवी असेल, तर मजकूर जाणूनबुजून खोटा किंवा खऱ्याखोट्याची फिकीर न करता छापला होता, हे त्याला सिद्ध करावं लागेल, असा नियम त्यांनी घातला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९४ मध्ये ‘ऑटो शंकर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राजगोपाल खटल्यात या निकालाचा आधार घेतला.

ते अगदी निर्दोष होते, असं मात्र समजू नका. स्त्री-पुरुष समानतेचे महत्त्वाचे निकाल त्यांनी लिहिले, पण स्वत:च्या कार्यालयात महिला क्लार्क नेमायला १९७४ पर्यंत ते तयार नव्हते. अश्लीलतेच्या प्रश्नावर १९५७ मध्ये घेतलेली भूमिका त्यांनी १९७३ मध्ये स्वत:च मोडीत काढली.

डॅलसमध्ये काय घडलं?

२२ ऑगस्ट १९८४. टेक्सासमधल्या डॅलस शहरात रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन सुरू होतं. रेगन सरकारच्या धोरणांविरोधात निदर्शकांनी मोर्चा काढला. वाटेत एका इमारतीबाहेरच्या खांबावरून कोणीतरी झेंडा उतरवून घेतला आणि तो ग्रेगरी ली जॉन्सन या निदर्शकाच्या हाती दिला. सिटी हॉलसमोर जॉन्सनने त्यावर रॉकेल ओतून तो पेटवला. कोणाला इजा झाली नाही, दंगल झाली नाही. पाहणाऱ्यांची मनं मात्र दुखावली. त्यांच्यापैकी एकाने राख आणि तुकडे गोळा करून आपल्या घराच्या आवारात पुरले.

जॉन्सनला एक वर्ष तुरुंगवास आणि दोन हजार डॉलर दंड झाला. राज्याच्याच वरच्या न्यायालयाने ही शिक्षा रद्द केली, म्हणून टेक्सास सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या वेळी ५० पैकी ४८ राज्यांत असे कायदे होते.

हे कायदे तसे जुने. पहिले आले एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, आणि त्यांचा रोख निदर्शकांपेक्षा जाहिरातदारांवर जास्त होता. १९०७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिअरच्या बाटलीवर झेंडा छापणाऱ्यांची शिक्षा कायम ठेवली होती. (ब्रेनन यांचे वडील बिअरच्या कारखान्यात होते, योगायोगच.) व्हिएतनाम युद्धाच्या काळात झेंडे जळू लागले, तेव्हा १९६८ मध्ये केंद्राचाही कायदा आला. १९६९ मध्ये न्यूयॉर्कचं असंच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. त्यात झेंडा जाळणाऱ्याच्या बाजूने पाच मतं पडली आणि त्यात ब्रेनन होते. पण न्यायालयाने फक्त त्याच्या तोंडच्या शब्दांपुरता निर्णय दिला. जाळण्याचा मुख्य प्रश्न वीस वर्षं तसाच लोंबकळत राहिला.

ब्रेनन यांचा युक्तिवाद काय होता?

टेक्सासने दोन कारणं पुढे केली होती : शांतता राखणं आणि राष्ट्रीय प्रतीक जपणं. पहिलं ब्रेनन यांनी लगेच बाजूला केलं. शांतता भंगलीच नव्हती, आणि भंगली असती तर त्यासाठी वेगळा कायदा होता. झेंडा चोरीचा होता हे खरं, पण खटला चोरीचा नव्हता. निषेध करायचा म्हणून झेंडा चोरायची मुभा मिळते, असा आपल्या निकालाचा अर्थ नाही, हेही त्यांनी तळटीपेत नोंदवलं.

खरा पेच दुसऱ्या कारणात होता. जुना, फाटका झेंडा सन्मानाने जाळून नष्ट करावा, असं अमेरिकेचाच ध्वजविषयक कायदा सांगतो. मग टेक्सासमध्ये गुन्हा नेमका कशाचा? पाहणाऱ्याच्या भावना गंभीरपणे दुखावतील हे माहीत असताना झेंडा विद्रूप करणं, अशी तिथल्या कायद्याची व्याख्या होती. आमच्या इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचं तर दोन टेस्ट केस घ्या. कापड तेच, रॉकेल तेच, काडी तीच. फक्त एक इनपुट बदला : जाळणाऱ्याच्या मनातला विचार. एका केसमध्ये नागरिकाचं कर्तव्य, दुसऱ्यात तुरुंग. म्हणजे शिक्षा आगीला होत नाही, मताला होते. आणि मत फार लोकांना संतापजनक वाटतं म्हणून सरकारला ते दडपता येत नाही, हा ब्रेनन यांच्या मते पहिल्या घटनादुरुस्तीचा पायाच होता. झेंड्याला अपवाद केला, तर उद्या दुसऱ्या कोणत्या प्रतीकाला करायचा हे कोण ठरवणार?

लक्षात घ्या, पाच मतं कोणाची होती ती. ब्रेनन, थर्गुड मार्शल आणि हॅरी ब्लॅकमन अपेक्षितच. पण उरलेली दोन होती अँटनिन स्कॅलिया आणि अँथनी केनेडी यांची, दोघेही रेगन यांनी नेमलेले. कधी कधी न आवडणारा निर्णयही द्यावा लागतो, अशा आशयाची वेगळी टिपणी केनेडी यांनी जोडली. झेंडा जाळणाऱ्यांबद्दलची चीड स्कॅलिया यांनी पुढे आयुष्यभर लपवली नाही, पण त्या मताबद्दल खेदही केला नाही.

विरोधी चार मतंही हलकी नव्हती. सरन्यायाधीश रेनक्विस्ट यांनी झेंड्यामागचा युद्धांचा इतिहास मांडला आणि तो जाळण्यातून काही विचार व्यक्त होतो हेच नाकारलं. मला मात्र जॉन पॉल स्टीव्हन्स यांचं भिन्नमत अधिक वजनदार वाटतं. महायुद्धात नौदलात काम केलेल्या स्टीव्हन्स यांचं म्हणणं असं, की निषेधाचे इतर सगळे मार्ग खुले असताना लिंकन स्मारकावर घोषणा रंगवायला जशी बंदी घालता येते, तशीच झेंड्याचं सर्वांच्या मालकीचं मूल्यही जपता येतं. यावर अडचण एवढीच, की स्मारक रंगवणारा कोणत्याही कारणाने रंगवो, नुकसान तेच होतं. झेंड्याच्या मूल्याचं नुकसान झालं की नाही हे मात्र जाळणाऱ्याचा हेतू पाहूनच ठरतं.

निकालानंतर काय झालं?

देशभर संताप उसळला. दुसऱ्याच दिवशी सिनेटने ९७ विरुद्ध ३ मतांनी नाराजीचा ठराव केला. अध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनी घटनादुरुस्तीची मागणी केली. काँग्रेसने वर्ष संपण्याआधीच ध्वजसंरक्षण कायदा केला, आणि लगेच निदर्शकांनी संसदेच्या पायऱ्यांवर झेंडे जाळून त्याला आव्हान दिलं. ११ जून १९९० रोजी त्याच पाच विरुद्ध चार मतांनी तो कायदाही रद्द झाला. हाही निकाल ब्रेनन यांचाच. त्यानंतर जेमतेम सहा आठवड्यांनी, २० जुलैला, पक्षाघाताच्या सौम्य झटक्यामुळे ते निवृत्त झाले.

घटनादुरुस्तीचे प्रयत्न मात्र थांबले नाहीत. २००६ मध्ये सिनेटमध्ये ६७ मतं लागत होती, मिळाली ६६. एक मत!

भारतात कायदा काय सांगतो?

आपल्याकडे उत्तर सरळ आणि उलट आहे. राष्ट्रीय सन्मानाचा अवमान प्रतिबंधक कायदा, १९७१ नुसार सार्वजनिक ठिकाणी किंवा लोकांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी राष्ट्रध्वज जाळणं, फाडणं, तुडवणं यासाठी तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ध्वजावर किंवा सरकारी धोरणावर कायदेशीर मार्गाने बदल घडवण्यासाठी केलेली टीका मात्र गुन्हा ठरत नाही. फरकाचं मूळ राज्यघटनांत आहे. आपल्या कलम १९(२) मध्ये अभिव्यक्तीवर वाजवी निर्बंध घालण्याची कारणं लिहूनच दिली आहेत. अमेरिकेच्या पहिल्या घटनादुरुस्तीत अशी यादी नाही.

ब्रेनन यांना दिसलेली विसंगती मात्र इथेही आहे. आपली ध्वजसंहिता खराब झालेला झेंडा खासगीत, शक्यतो जाळून, नष्ट करायला सांगते. १६ ऑगस्टला रस्त्यावर पडलेले झेंडे उचलून कोणी घरी सन्मानाने जाळले तर तो नियम पाळतो. तीच काडी चौकात निषेध म्हणून ओढली तर आरोपी ठरतो. आपला कायदा हा फरक उघडपणे करतो आणि राज्यघटना त्याला तो करू देते. तो करावा का, यावर आपल्याकडे फारशी चर्चा झालेली नाही.

ब्रेनन यांचं २४ जुलै १९९७ रोजी वयाच्या ९१ व्या वर्षी निधन झालं. वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत सैनिकांच्या कबरींच्या सोबतीने त्यांची कबर आहे. त्यांच्या बाजूने मत देणारे मार्शल आणि ब्लॅकमन तिथेच आहेत, विरोधात गेलेले रेनक्विस्ट आणि स्टीव्हन्सही तिथेच. दरवर्षी मे महिन्यात, स्मृतिदिनाच्या आधी, सैनिक तिथल्या कबरींपुढे एकेक छोटा झेंडा रोवून जातात.