श्रीगुरु हैबतरावबाबा आरफळकर

आळंदीच्या महाद्वारातून आत जाताना वारकरी पहिल्या पायरीशी वाकतो, तो हैबतबाबांपुढे. ही पायरी म्हणजेच त्यांची समाधी. पण वाकणाऱ्या कितीकांना ठाऊक असते, की हा पुरुष मूळचा लढवय्या होता?

सातारा जिल्ह्यातील आरफळचे पवार हे त्यांचे घराणे. हैबतराव ग्वाल्हेरीस शिंदे सरकारच्या पदरी सरदार होते. काळ मराठी राज्याच्या उतरणीचा. 1818 साली पेशवाई बुडाली, फौजा मोडल्या, आणि जन्म घोड्यावर काढलेली माणसे रिकामी झाली. तलवार खुंटीला लागली, आता जगायचे कुणासाठी?

हैबतराव धन घेऊन गावाकडे निघाले असता सातपुड्यात भिल्लांनी त्यांना गुहेत कोंडले, असे परंपरा सांगते. आत ना अन्न ना उजेड. मुखी हरिपाठ तेवढा. एकविसाव्या दिवशी नायकाला पुत्र झाला, त्या आनंदात गुहेचा धोंडा हलला आणि बाबा सुटले. ही कथा आम्ही कीर्तनात पुष्कळदा लावली. श्रोते चमत्कारावर माना डोलावतात. आमचे मन मात्र पुढेच अडते. सुटलेला माणूस आरफळला गेलाच नाही. सरळ आळंदीस आला, तो तिथलाच झाला.

धनाचे सोडा हो. त्यांच्यापाशी देण्याजोगी वस्तू होती लष्करी शिस्त. नारायणमहाराज देहूकरांनी 1685 साली ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एका पालखीत नेण्याचा प्रघात पाडला होता. 1832 च्या सुमारास बाबांनी माउलींचा सोहळा स्वतंत्र काढला. वासकर, खंडोजीबाबा, शेळके यांच्या दिंड्या मिळाल्या. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे, तंबू दिले. ते घोडे आजही अंकलीहून मिरज-सांगलीवरून, सातारा जिल्ह्यातून चालत आळंदीस येतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसऱ्याची पाठ रिकामी. तिथे माउली बसतात.

तळावरची समाजआरती ज्याने पाहिली त्याला सारे कळेल. दिंड्या गोलाकार उभ्या, टाळांचा नुसता कल्लोळ. चोपदार दंड वर करतो आणि क्षणात टाळ थांबतात, बरं का! मग कुणाचे काय हरवले, काय सापडले ते पुकारतात. कुठल्या दिंडीची तक्रार असेल तर ती ऐकतात. पहाटे कर्णा वाजला की तळ हलतो. रीत सारी फौजेची, पण इथे कुणी कुणाचा चाकर नाही.

नीरा उतरून लोणंद, तरडगाव, फलटण असा हा सोहळा बाबांच्याच जिल्ह्यातून जातो. आरफळ वाटेत लागत नाही.

1836 साली बाबांनी देह ठेवला. आळंदीची कार्तिकी यात्रा अजूनही त्या पायरीच्या पूजनानेच सुरू होते.