एका म्यानात दोन तलवारी

अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत एक गंमत अधूनमधून पाहायला मिळते. पक्षाची उमेदवारी मिळवण्यासाठी ज्यांनी महिनोन्महिने एकमेकांचे वाभाडे काढले, तेच दोघे पुढे एकाच तिकिटावर हातात हात घालून उभे राहतात. १९६० साली केनेडींनी जॉन्सन यांना आणि १९८० साली रेगन यांनी बुश यांना असेच बरोबर घेतले. दोन्ही जोड्या निवडून आल्या. आपल्याकडची रीत वेगळी. इथे भांडण थेट मतपेटीपर्यंत जाते आणि सोयरीक जुळते ती निकाल लागल्यावर. महाराष्ट्राने अशी सोयरीक १९७८ साली पाहिली आणि तिचे यजमानपद आले वसंतदादा पाटील यांच्याकडे.

दादांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ चा. सांगलीजवळचे पद्माळे हे त्यांचे गाव. प्लेगच्या साथीत आईवडील गेले आणि पोरके झालेले हे मूल आजीने वाढवले. शाळा फारशी झाली नाही. स्वातंत्र्यलढ्यात मात्र हा तरुण पुरता झोकून दिलेला होता. २४ जुलै १९४३ रोजी सांगलीच्या तुरुंगातून त्यांनी साथीदारांसह तट ओलांडून पलायन केले. पाठलाग झाला, गोळीबार झाला. दोन साथीदारांनी प्राण गमावले आणि दादांच्या खांद्यात गोळी शिरली. स्वातंत्र्यानंतर त्यांनी सांगलीत सहकारी साखर कारखाना उभा केला. शेतकऱ्यांशी शेतकऱ्याच्याच भाषेत बोलणारा हा गडी घराघरात थोरल्या भावासारखा ‘दादा’ झाला.

१९७७ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसची धूळधाण झाली. शंकरराव चव्हाण पायउतार झाले आणि मे महिन्यात दादा मुख्यमंत्री झाले. पण पक्षाचे घर आतून तडकलेले होते. १९७८ च्या जानेवारीत इंदिरा गांधींनी वेगळी चूल मांडली. महाराष्ट्रात यशवंतराव चव्हाण आणि वसंतदादा रेड्डी काँग्रेसमध्ये राहिले, तर भंडाऱ्याच्या नासिकराव तिरपुडे यांनी इंदिरा काँग्रेसचा झेंडा हाती घेतला. कालपर्यंत एका पंगतीत जेवणारी माणसे फेब्रुवारीच्या विधानसभा निवडणुकीत एकमेकांविरुद्ध त्वेषाने लढली.

निकालाने दोघांनाही जमिनीवर आणले. २८८ जागांपैकी जनता पक्षाला ९९, रेड्डी काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२. वेगळे राहिले तर दोघेही विरोधी बाकांवर, हे गणित लहान मुलालाही सुटावे. मग मार्चमध्ये विळ्याभोपळ्याचे सख्य जुळले. दोघे मिळूनही बेरीज १३१ च होत होती, तेव्हा उरलेली कसर अपक्षांच्या मदतीने भरून काढावी लागली. दादा मुख्यमंत्री झाले आणि तिरपुडे उपमुख्यमंत्री. राज्याला उपमुख्यमंत्री मिळाला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

संसार मात्र पहिल्या दिवसापासून धुसफुसत राहिला. तिरपुडे फटकळ. मांडीला मांडी लावून बसायचे आणि यशवंतरावांवर जाहीर टीकाही करायची, असा त्यांचा खाक्या होता. यशवंतरावांना मानणाऱ्या तरुण मंत्र्यांना हे सोसवेना. विधिमंडळाचे अधिवेशन चालू असतानाच शरद पवार, सुंदरराव सोळंके, सुशीलकुमार शिंदे यांनी राजीनामे दिले. आमदारांचा एक मोठा गट त्यांच्यामागे गेला आणि चार महिन्यांचे सरकार कोसळले. १८ जुलै १९७८ रोजी, वयाची चाळिशीही न गाठलेले पवार जनता पक्ष, शेकाप आदींना बरोबर घेऊन मुख्यमंत्री झाले.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या प्रतिस्पर्ध्याचा भरवसा नव्हता, तो तिरपुड्यांचा पक्ष शेवटपर्यंत जागेवर राहिला. भिंत खचली ती स्वतःच्या घराची. प्रतिस्पर्ध्याशी हातमिळवणी करणाऱ्याने समोरच्यापेक्षा आपल्याच माणसांची समजूत आधी घालावी लागते. दादांना ते साधले नाही. वरचे दोन हात जुळले, पण खालची मने निवडणुकीतच अडकून राहिली होती.

पुढे दादा स्वतःच इंदिरा काँग्रेसमध्ये गेले आणि १९८३ च्या फेब्रुवारीत त्याच पक्षाचे मुख्यमंत्री झाले. या वेळी शेजारी उपमुख्यमंत्री होते रामराव आदिक. नवी मुंबईकरांना हे नाव नेरूळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयामुळे परिचयाचे आहे. विनाअनुदानित महाविद्यालयांची दारे दादांच्याच सरकारने उघडली. स्वतः फारसे न शिकलेल्या माणसाच्या या निर्णयामुळे राज्यातल्या हजारो मुलांना घराजवळ इंजिनिअर होता आले. शिक्षण महाग झाले, ही त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी.

नवी मुंबईच्या आठवणीत या कारकिर्दीचा एक दुखरा कोपराही आहे. सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जणांनी प्राण गमावले. साडेबारा टक्के भूखंडांच्या योजनेमागे या लढ्याची पुण्याई आहे. साखर कारखान्यातून शेतकऱ्याला उभा करणाऱ्या मुख्यमंत्र्याच्या काळातच हे घडावे, ही सल बुजणारी नाही.

१९८५ मध्ये प्रदेशाध्यक्षपदाच्या नेमणुकीवरून दादांनी मुख्यमंत्रिपद सोडले. नंतर ते राजस्थानचे राज्यपाल झाले, पण तेथेही फार रमले नाहीत. १ मार्च १९८९ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला.

त्यानंतर महाराष्ट्राने कालचे वैरी आज एका मंत्रिमंडळात बसलेले कितीदा तरी पाहिले. उपमुख्यमंत्रिपदाचे नवल तर केव्हाच सरले. तरी प्रत्येक नव्या सोयरिकीच्या वेळी १९७८ ची आठवण काढावी. खुर्च्या शेजारी मांडायला एक रात्र पुरते. कार्यकर्त्यांची मने शेजारी बसवायला मात्र वेळ द्यावा लागतो, आणि तो वेळ दादांना मिळाला नाही.