नागपूरच्या मैदानावरून लॉर्ड्सपर्यंत

नागपूर आणि क्रिकेट म्हटले की आज जामठ्याचे भव्य स्टेडियम डोळ्यांपुढे येते. मात्र भारतीय क्रिकेटच्या इतिहासात या शहराचे नाव त्यापूर्वीच एका शाळकरी खेळाडूने कोरले होते. भारताचे पहिले कसोटी कर्णधार कोट्टारी कनकय्या तथा सी. के. नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरातील एका सुखवस्तू तेलुगु कुटुंबात झाला.

हिस्लॉप कॉलेजिएट हायस्कूलमध्ये शिकताना त्यांनी शाळेच्या संघाचे नेतृत्व केले. पुढे १९१६ मध्ये मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत हिंदू संघातर्फे ते युरोपियन संघाविरुद्ध उतरले आणि षटकाराने त्यांनी आपले खाते उघडले.

१९२३ हे वर्ष नागपूरसाठी दुहेरी महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी शहराला स्वतःचे विद्यापीठ मिळाले आणि त्याच वर्षी तुकोजीराव होळकरांच्या निमंत्रणावरून नायडू इंदूरला गेले. राजाश्रयाखेरीज केवळ खेळावर चरितार्थ चालवणे त्या काळी अवघड होते. होळकरांनी त्यांना आपल्या सैन्यात अधिकारपद दिले.

१९२६ मध्ये गिलिगन यांच्या एमसीसी संघाविरुद्ध मुंबई जिमखान्यावर त्यांनी दोन तासांच्या आत १५३ धावा फटकावल्या. त्यात तब्बल ११ षटकार होते. भारतीय संघ इंग्रजांशी बरोबरीने खेळू शकतो, हा विश्वास या खेळीने दिला.

१९३२ च्या इंग्लंड दौऱ्याचे कर्णधारपद पोरबंदरच्या महाराजांकडे होते. मात्र स्वतःच्या खेळाची मर्यादा ओळखून ते बाजूला झाले. उपकर्णधार लिंबडीचे घनश्यामसिंहजी जायबंदी होते. त्यामुळे २५ जून रोजी लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीत नेतृत्व नायडूंकडे आले. संस्थानिक नसलेल्या कर्णधाराच्या हाताखाली खेळणे काही सहकाऱ्यांना रुचले नाही. नायडूंनी उत्तर बॅटने दिले. हाताला दुखापत असतानाही पहिल्या डावात भारतातर्फे सर्वाधिक ४० धावा त्यांच्याच होत्या. भारत १५८ धावांनी हरला, पण गुणवत्तेवर मिळणाऱ्या कर्णधारपदाचा पायंडा पडला.

हा पायंडा फार काळ टिकला नाही. १९३६ मध्ये कर्णधारपद विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे गेले. नायडू खेळाडू म्हणून खेळत राहिले आणि ओव्हलवरील अखेरच्या कसोटी डावात त्यांनी ८१ धावा काढल्या.

पुढे होळकर संघाला त्यांनी रणजी करंडक जिंकून दिला. १९५६ मध्ये पद्मभूषण लाभले. साठी ओलांडल्यावरही ते उत्तर प्रदेशतर्फे रणजी सामन्यांत उतरले.

१४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूर येथे त्यांचे निधन झाले. सिव्हिल लाइन्समधील विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या मैदानावर नागपूरची पहिली कसोटी रंगली ती ऑक्टोबर १९६९ मध्ये. देशाला पहिला कर्णधार देणाऱ्या शहरात कसोटी आली, तेव्हा तो कर्णधार हयात नव्हता. नवी स्टेडियम उभी राहतील. मात्र या शहराच्या क्रिकेटची मुळे एका शाळेच्या संघात आहेत, याचे विस्मरण नागपूरकरांना होऊ नये.