अर्थतज्ज्ञ बाबासाहेब : विद्या आणि शील

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्मरण आपण राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून नित्य करतो. परंतु ते मुळात अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते, हे क्वचितच लक्षात घेतो. आज समाजातील मुले-मुली बँकांत आणि वित्तसंस्थांत जात असताना बाबासाहेबांच्या जीवनाचा हा भाग अभ्यासणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१८९१ साली महू येथे जन्मलेले बाबासाहेब १९१२ मध्ये अर्थशास्त्र व राज्यशास्त्र घेऊन मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या वित्तव्यवहारावर प्रबंध लिहून १९१५ मध्ये एम.ए. झाले. पुढे लंडनमध्ये अभ्यास सुरू असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले.

बडोद्यात नोकरी होती, पण राहावयास जागा मिळेना. मुंबईत त्यांनी गुंतवणुकीविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. जात कळताच गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली. १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, तेथेही त्यांनी सामाईक भांड्यातील पाणी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. तरी ते खचले नाहीत. पगारातील शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांनी दिलेले कर्ज यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध परीक्षकांनी प्रथम फेरलेखनासाठी परत केला. बाबासाहेबांनी मांडणी बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत. १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. पदवी मिळाली.

रुपयाचे मोल घसरले की महागाई वाढते, मजुरी मात्र त्या वेगाने वाढत नाही. म्हणजे व्यापाऱ्याचा नफा मजुराच्या पोटातून निघतो, हे त्यांनी दाखवून दिले. चलन काढण्याच्या सरकारी अधिकाराला मर्यादा हवी, असा त्यांचा आग्रह होता. १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढेही त्यांनी साक्ष दिली.

ज्या व्यवसायाने जातीमुळे त्यांना दार बंद केले, त्याच व्यवसायाचे ज्ञान त्यांनी श्रमिकांच्या बाजूने वापरले. पुढे पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत १९५३ मध्ये त्यांनी मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय उभे केले आणि तेच दार इतरांसाठी उघडले.

शीलावाचून विद्या घातक ठरते, ही त्यांची शिकवण होती. परक्याचा पैसा हाताळणाऱ्या आपल्या तरुणांनी प्रत्येक व्यवहारात यात कोणाचे नुकसान होते, हे आधी पाहावे. तथागतांनी सांगितलेली सम्यक आजीविका ती हीच, असे आम्ही मानतो.