मनगटावरची तीन बोटे

आमच्या कॅम्पातील घरी एका रात्री वडिलांस रक्ताची उलटी झाली. ते दरबारी तबलजी. उभा जन्म लयीत गेला. शेजारचे तरुण डॉक्टर रिकाम्या हातांनीच धावत आले. त्यांनी वडिलांचे तळहात-तळपाय चाचपले, मनगटावर तीन बोटे ठेवून घड्याळ पाहिले, मग बोटाचे नख दाबून सोडले आणि पांढरे पडलेले नख गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते मोजले. लगेच गाडी मागविली. वडील वाचले. तेव्हापासून डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे चरित्र मी निराळ्या नजरेने वाचतो.

कोटणीस सोलापूरचे; जन्म १० ऑक्टोबर १९१०. वैद्यकाचे शिक्षण मुंबईस झाले. जपानने १९३७ साली चीनवर स्वारी केली आणि पुढल्या वर्षी काँग्रेसने तिकडे पाच डॉक्टरांचे पथक धाडले: अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि वयाची अठ्ठावीस वर्षेही न भरलेले हे. चीनमध्ये असताना वडील वारल्याची बातमी आली, तरी ते परतले नाहीत. येनानहून ते उत्तरेकडील डोंगराळ रणभूमीवर गेले. नॉर्मन बेथून या कॅनडाच्या सर्जनने स्पेनच्या युद्धात रक्ताच्या बाटल्या थेट आघाडीवर नेल्या होत्या. १९३९ मध्ये चीनमध्येच ते वारले. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ साली कोटणीसांकडे आले.

अशा ठिकाणी साधने किती असणार? सर्जनचे हात, डोळे आणि घड्याळ हीच खरी शिदोरी. रक्त वाहून गेले की शरीर प्रथम कातडीचा व हातापायांचा पुरवठा आखडते आणि मेंदू-हृदयास राखते. म्हणून रक्तदाब उतरण्यापूर्वीच बहुधा हात गार व घामट होतात, नाडी जलद आणि सुतासारखी बारीक लागते. नख पाच सेकंद दाबून सोडले, तर धडधाकट माणसाचा रंग सुमारे दोन सेकंदांत परततो. याच खुणेचा उपयोग अमेरिकेच्या हेन्री बीचर यांनी दुसऱ्या महायुद्धातील जखमींची प्रतवारी लावताना केला. थंडीत मात्र ही खूण फसवते, आणि त्या डोंगरांत हिवाळा कडक. तेव्हा नाडी, लघवी आणि रोग्याची शुद्ध हे सारे ताडून पाहावे लागते. नाडी अंगठ्याने पाहू नये, त्याचाच ठोका बोटास लागतो. नवशिका तबलजी गवयास न ऐकता आपल्याच ठेक्यात रमतो, तसे ते होते.

१९४० च्या एका लढाईत कोटणीसांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या असे सांगतात. को छिंगलान या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला. मुलाचे नाव इनह्वा. इन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. मूल जेमतेम तीन-चार महिन्यांचे असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले. वय ३२. शस्त्रक्रियेवरचे पुस्तक अपुरे राहिले. पुढे मुलगाही वैद्यक शिकत असताना १९६७ साली वारला.

शांतारामबापूंनी त्यांच्यावर १९४६ साली चित्रपट काढला. संगीत वसंत देसाईंचे. त्यांतल्या चाली वडील अजून गुणगुणतात. अलीकडे गुणगुणताना उजव्या हाताची तीन बोटे डाव्या मनगटावर असतात.